कार्यक्रम झालेला आहे

आमच्या घरातल्या भिंतींवर ज्या कार्यक्रमांची पोस्टरं लागली आहेत, त्यांतल्या एकाही कार्यक्रमाला आता जाता येणार नाही. ते सगळे सातासमुद्रापलीकडे होऊन गेले आणि त्यांतले बहुतेक कलावंत सध्या जिथे वाजवत असतील तिथलं तिकीट वेगळं काढावं लागत नाही. वेळ झाली की बोलावणं येतं. तरीही आमच्याकडे येणारा पाहुणा आधी तारीख वाचतो, मग हॉलचं नाव वाचतो आणि मग माझ्याकडे बघतो. सोसायटीच्या चेअरमनांनी तर चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकाच्या पोस्टरकडे बोट दाखवून विचारलं होतं, "पास मिळतील का हो दोन?"

ही पोस्टरं अस्सल नाहीत, हे आधीच सांगतो. अस्सल घ्यायची म्हटली असती तर ती लावायला भिंत उरली नसती. ही पुनर्मुद्रणं आहेत. जॅझ आणि सोलच्या गाजलेल्या मैफलींच्या जाहिरातींची आजच्या कागदावर काढलेली नक्कल.

गंमत अशी की मूळ पोस्टरं भलतीच स्वस्त होती. चौदा बाय बावीस इंचांचा जाड पुठ्ठा, दुकानाच्या काचेत उभा करायचा किंवा रस्त्यावरच्या खांबाला ठोकायचा. बाल्टिमोरमधला ‘ग्लोब पोस्टर’ हा छापखाना १९२९पासून हे काम करत होता. जेम्स ब्राउनसारख्या सोल गायकांच्या दौऱ्यांची पोस्टरं त्याने असल्या भडक डे-ग्लो रंगांत छापली की रात्री भरधाव मोटारीतूनही नाव वाचता यावं. गायकाचं नाव आणि फोटो आधी छापून ठेवायचे, वरची पट्टी कोरी सोडायची. पुढे ज्या गावात मुक्काम पडेल तिथला हॉल आणि तारीख त्या पट्टीत छापायची. मुख्य गायकाचं नाव वीतभर, दुसऱ्याचं बोटभर आणि तिसऱ्याचं नखाएवढं. कोणाला किती पैसे मिळणार हे विचारायची गरज नाही, फूटपट्टी लावली की कळतं.

माझ्या या छंदाचे घरातले एकमेव जाणकार म्हणजे माझे सासरे. अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झाले. संगीत म्हणजे किराणा घराणं आणि कागद म्हणजे टपाल, या दोन श्रद्धांवर त्यांचं आयुष्य उभं आहे. पोस्टर आलं की ते तिकिटं तपासायचं भिंग घेऊन पुढे सरसावतात.

"जावईबापू, हे बघा. ठिपके."

ठिपके बरोबर आहेत. मूळ पोस्टर छपाईच्या लाकडी खिळ्यांवर शाई लावून दाबून काढलेलं, त्यामुळे त्यातला लाल म्हणजे सलग लाल. नक्कल स्कॅनरच्या वाटेने आलेली, तिच्यातला लाल भिंगाखाली धरला की बारीक बारीक रंगीत ठिपक्यांत विखुरतो. अण्णांची दुसरी चाचणी मात्र खास खात्यातली आहे. ते पोस्टरच्या तळाशी छापखान्याचा पत्ता शोधतात. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १९६३ साली आला. एका पोस्टरवर तारीख होती १९५६ची आणि पत्त्यात झिप कोड. अण्णांनी भिंग खाली ठेवलं. "या माणसाने सात वर्षं आधीच पत्ता पूर्ण लिहिलाय," ते म्हणाले. "आमच्याकडे लोक अजून लिहीत नाहीत."

नकलेतला सर्वांत खर्चिक भाग असतो म्हातारपण. कोऱ्या करकरीत कागदावर घड्यांच्या रेषा छापलेल्या असतात, कोपऱ्यात टाचणीचं भोक छापलेलं असतं, कडेला पिवळेपणा छापलेला असतो. एका पोस्टरवर कॉफीच्या कपाचा गोल डागही छापून आला आहे. कामाला येणाऱ्या मावशी तो ओल्या फडक्याने नेमाने पुसतात आणि तो निघत नाही याबद्दल मला बोल लावतात. बायकोचं म्हणणं, गच्चीवरच्या रद्दीला हे सगळं फुकट येतं, त्यासाठी कुरिअर कशाला हवं?

यात आणखी एक गुंता आहे. ‘ग्लोब’ २०१० साली बंद झाला. पुढच्या वर्षी त्याचे खिळे आणि ठसे बाल्टिमोरच्याच मेरिलँड इन्स्टिट्यूट कॉलेज ऑफ आर्टने घेतले आणि आता तिथली मुलं त्यावर छपाई शिकतात. नॅशव्हिलचा ‘हॅच शो प्रिंट’ तर १८७९पासून अजून चालू आहे. मग जुन्याच ठशावरून आज काढलेली प्रत अस्सल म्हणायची की नक्कल? हा प्रश्न मी अण्णांपुढे टाकला. त्यांना विचार करावाच लागला नाही. "शिक्का जुना असला तरी तारीख आजची पडते. पुनर्मुद्रण."

पण मला ही पोस्टरं का आवडतात याचं कारण ठिपक्यांत नाही. पोस्टर हा एकमेव ऐतिहासिक दस्तऐवज असा आहे की ज्याला इतिहासातलं काही ठाऊक नसतं. तो आदल्या दिवशीपर्यंतचा असतो. चरित्रं, आठवणी, समीक्षा या सगळ्या शहाण्यासारखं मागाहून बोलतात. पोस्टर बिचारं छातीठोकपणे एवढंच सांगतं: या, अमुक वाजता, मजा येईल.

टोरांटोच्या मॅसी हॉलचं उदाहरण घ्या. १५ मे १९५३. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच, पाचही जण एका रंगमंचावर. आज या मैफलीला जॅझमधली सर्वश्रेष्ठ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या संध्याकाळी हॉल बराचसा रिकामा होता, कारण त्याच रात्री शिकागोला रॉकी मार्सियानो आणि जर्सी ज्यो वॉलकॉट यांची हेवीवेट लढत होती. लोकांनी ठोसे पसंत केले. लढत पहिल्याच फेरीत आटोपली, म्हणजे तेही पैसे पुरते वसूल झाले नाहीत. पार्कर त्या रात्री प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवत होता. आयोजकांनी दिलेले चेक वटले नाहीत आणि पैसे हातात पडले ते एकट्या पार्करच्या, असं सांगतात. मिंगसने ध्वनिमुद्रणाची टेप नेली, ती रेकॉर्ड म्हणून काढली, आणि करारांच्या कटकटीमुळे पार्करचं नाव तिच्यावर ‘चार्ली चॅन’ असं पडलं.

हे सगळं ऐकून अण्णांनी एकच गोष्ट उचलली. "त्रेपन्न? अहो, म्हणजे आमचा सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला तेच साल!" तेव्हापासून मॅसी हॉलच्या पोस्टरला घरात मानाची जागा आहे. पार्करला ते ‘त्रेपन्नचे बुवा’ म्हणतात. हॉल रिकामा होता, हे मात्र त्यांच्या मनाला पटलेलं नाही. त्यांच्या मते मागे लोक सतरंजीवर बसले असणार.

न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाचं १९५६चं पोस्टर त्याहून अजाण. ड्यूक एलिंग्टनचे दिवस तेव्हा उतरणीला लागले होते. ७ जुलैला त्याच्या वाद्यवृंदातला पॉल गोन्सालव्हिस टेनर सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि एकाच आवर्तनावर सलग सत्तावीस फेऱ्या वाजवत सुटला. प्रेक्षकांतून एक बाई उठून नाचू लागली, मागोमाग मैदान उठलं, आणि दीड महिन्यात एलिंग्टन ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर होता. ‘गोन्सालव्हिस’ ऐकून आमच्याकडच्या पाहुण्यांचे चेहरे खुलतात. "म्हापशाचा का हो?" नाही. त्याचं घराणं केप व्हर्दचं. साहेब तेच पोर्तुगीज, बेट वेगळं.

खरी मेख पुढे आहे. त्या रात्रीची ‘थेट’ म्हणून विकली गेलेली रेकॉर्ड बऱ्याच अंशी नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवलेली होती आणि टाळ्या वरून चढवल्या होत्या. गोन्सालव्हिसनेही चुकीच्या मायक्रोफोनमध्ये, व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या, फुंकर घातलेली. ती टेप सापडल्यावर खरी मैफल लोकांपुढे आली ती थेट १९९९ साली. लोक त्रेचाळीस वर्षं नकलेवर माना डोलवत होते आणि त्यांना काही झालं नाही. माझ्या छापील कॉफीच्या डागाची लाज मला तेव्हापासून वाटेनाशी झाली.

एक पोस्टर मात्र मी दिवाणखान्यात लावलं नाही. १० डिसेंबर १९६७, विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन गाव, ‘द फॅक्टरी’ नावाचा क्लब. मुख्य गायक ओटिस रेडिंग. आधी गाणाऱ्या बँडचं नाव ‘द ग्रिम रीपर्स’, म्हणजे यमदूतच. त्या दुपारी रेडिंगचं विमान गावाजवळच्या मोनोना तळ्यात कोसळलं. तो सव्वीस वर्षांचा होता. पोस्टरवर मात्र तो अजून येणारच आहे. हे पोस्टर माझ्या टेबलाच्या आतल्या बाजूला आहे आणि त्याच्याबद्दल मला विनोद सुचत नाही.

अण्णांचं आवडतं पोस्टर ‘वॉटस्टॅक्स’चं. २० ऑगस्ट १९७२, लॉस एंजेलिसचं कोलिझियम, लाखभर माणसं आणि सोलच्या दिवसभराच्या मैफलीचं तिकीट एक डॉलर. तिकिटाच्या दराने ते खूश झाले असतील अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. "१५ ऑगस्ट ७२ला आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. आमच्या खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी काढलेला. संस्कृतचे कवी होते. त्यानंतर पाचच दिवसांनी तुमचं हे." त्यांच्या आवाजात असं काही होतं की पिनकोड निघाल्यामुळेच लोकांना कोलिझियम सापडलं असावं.

परवा आमच्या चौकात संगीतसंध्येचा फ्लेक्स लागला. मी तो पोस्टरवाल्याच्या नजरेने पाहिला. वर नेते, खाली शुभेच्छुक, डावीकडे गॉगल घातलेले शुभेच्छुक, उजवीकडे मोबाइल कानाला लावलेले शुभेच्छुक. गायिका खालच्या कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढी. आणि कार्यक्रम अजून व्हायचा असताना मोठ्या अक्षरांत ‘अभूतपूर्व प्रतिसादाबद्दल आभार’. म्हणजे आपलं पोस्टर अजाण राहिलेलं नाही. त्याला निकाल आधीच ठाऊक असतो. पुढे कधी टोरांटोत कुणी हौशी माणूस याचं पुनर्मुद्रण विकत घेईल, भिंग लावून बसेल आणि या तीसपस्तीस चेहऱ्यांतला गाणारा कोण हे शोधत राहील. ही चिंता मी अण्णांना बोलून दाखवली.

"पिनकोड टाकायला सांगा," ते म्हणाले. "निदान वॉर्ड तरी कळेल."