सायकलींची रापण

आमच्या वाडीतला सायकलवाला मिस्त्री मुलाकडे मुंबईला गेला आणि जाताना आपला पंप माझ्या पडवीत ठेवून गेला. "जपा हां, परत इलंय काय नेतलंय," म्हणाला. तो काही परत आला नाही. पंप राहिला. आणि पंप ज्याच्या दारात तो मिस्त्री, असा मालवणात अलिखित कायदा असावा, कारण आठवड्याभरात माझ्या खळ्यात पाच सायकली येऊन उभ्या राहिल्या. मी आयुष्यभर कारकुनी केलेली. पान्हा कुठल्या बाजूने धरतात इथपासून सुरुवात होती.

लॉस एंजेलिसच्या भाचीला फोनवर हे गाऱ्हाणं सांगितलं, तर ती उलट खूशच झाली. "मामा, हे तर आमच्याकडे आहे!" तिकडे 2002 साली एका इमारतीतल्या स्वयंपाकघरात काही मंडळी जमून सायकली दुरुस्त करू लागली, त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेचं नावच 'बायसिकल किचन'. सायकल टाकून चहा प्यायला सटकता येत नाही. हत्यारं त्यांची, हात तुमचे. जाणता माणूस शेजारी उभा राहून सांगतो आणि ग्रीस तुमच्या नखांत जातं. सांगणाराही बिनपगारी. अशा जागा आता अनेक देशांत आहेत. कुठे वर्गणी भरून सभासद होतात, कुठे वर्गणीऐवजी कामाचे तास भरतात.

"म्हणजे रापण," मी म्हटलं.

तिला समजावून सांगावं लागलं, कारण तिचं बालपण ठाण्यात गेलं. होडीने समुद्रात जाळं फिरवून आणायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांच्या रांगांनी ओढायचे. जो ओढेल त्याला वाटा. तेव्हा दर रविवारी दोन तास देईल तो सभासद, असं मी ठरवलं आणि लाल कापडी बांधणीचं रजिस्टर आणलं. कारकून माणूस, दुसरं काय सुचणार? पहिल्या महिन्याच्या जमेला दोन शहाळी, एक जुनं फ्रीव्हील आणि अर्धा किलो सुका जवळा अशी नोंद आहे.

रापणीत आणि यात एक फरक मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता. दोर ओढताना तोंडाचा काही उपयोग नसतो. इथे एकजण कॉटर पिनवर हातोडी मारी आणि सातजण ती कशी मारायला हवी होती ते सांगत. "माका शिकव नको, चाळीस वर्सा सायकल चालवलंय मिया," हे वाक्य मी रजिस्टरात छापूनच घेणार होतो.

खाऱ्या हवेत चेन महिन्याभरात गंजते. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लोखंडाला ओलं ठेवतं. यावर एका काकांनी खोबरेल सुचवलं. जानेवारीतल्या एका पहाटे ते गोठून चेन पांढरी झाली. मग एका खलाशाने होडीला लावायचं माशाचं तेल आणलं. त्याने गंज थांबला की नाही कोण जाणे, पण ती सायकल बाजारात निघाली की मागून मेढ्यापर्यंत सात-आठ मांजरं.

पंक्चरचं तसं बरं. घमेल्यात ट्यूब बुडवावी, बुडबुडे बघावेत, टायरात रुतलेली कालवाची शिंप काढावी. सोल्यूशन लावून मात्र पाच मिनिटं थांबावं लागतं. रिकाम्या पाच मिनिटांचं मालवणी माणूस काय करील ते सांगता येत नाही. आमच्याकडे गाऱ्हाणं झालं: "बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या ट्यूबात जो काय काटोकुटो शिरलो आसात, तो भायर काढ, आणि सोल्यूशन धरून ठेव रे महाराजा!" "होय महाराजा!" सात आवाज. ठिगळ टिकलं, हे कबूल करायला हवं.

डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. चालवता चालवता ते सैल होऊ नये म्हणून केलेली ही युक्ती आहे. हे आम्हाला कळलं तेव्हा सहाजणांनी पाळीपाळीने जोर लावून ते आणखी घट्ट केलं होतं. राइट बंधूंचंही सायकलींचं दुकान होतं, 1892 साली काढलेलं, आणि अकरा वर्षांनी त्यांनी विमान उडवलं. आमचं एक पॅडल निघायला दोन रविवार लागले.

खरी गोम पुढे कळली. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. सिंधुदुर्ग किल्ल्यावर माणसं नेणाऱ्या होड्याही पावसाळ्यात किनाऱ्यावर. त्यामुळे जाळी विणणारे, इंजिनं खोलणारे हात अचानक मोकळे होतात, आणि माझ्या पडवीत जून-जुलैत जितके कसबी मिस्त्री बसतात तितके अख्ख्या जिल्ह्यात नसतील. फक्त त्या पावसात सायकल चालवतो कोण? नारळी पौर्णिमेला किल्ल्यासमोर समुद्राला नारळ दिला की सभासद पांगतात, आणि पुढे पाऊस ओसरू लागला की सायकली बाहेर पडतात.

यंदाही तसंच झालं. पौर्णिमेनंतरच्या रविवारी खळ्यात नऊ सायकली आणि रजिस्टर घेऊन मी एकटा. संध्याकाळी शेजारची आठवीतली पोर आली. पावसाळाभर वीज गेली की तिचं एकच काम असायचं, बॅटरी धरणं. आमच्याकडची सगळ्यात खालची पायरी. तिने सायकल उलटी केली, पान्हा उचलला आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

"धरा, आणि हलवू नकात."

मी धरली. थोडा वेळ गप्पही बसलो. मग राहवेना. "डाव्या बाजूचे आटे उलटे असतात गो."

"ठावक आसा," ती म्हणाली. "त्या दिवशी मीच बॅटरी धरलेली."