घ्यायचाच तर ॲपलच घे

महाड-पोलादपूर भागात बारावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या आधी भाई पोचतात. निकालही मे महिन्यात लागतो आणि चाकरमानीही मे महिन्यातच गावाला येतात, त्यामुळे हा योग सहसा चुकत नाही. प्रत्येक वाडीला निदान एक भाई असतोच. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असतं आणि तेवढ्यापुरतंच असतं. मुक्काम नालासोपारा नाहीतर दिवा. वय पन्नासच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी ‘आयटीत’. आयटीत म्हणजे आयटी कंपनीच्या इमारतीत; हुद्दा कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर भाई सांगत बसतात आणि तरीही कळत नाही. ऑफिसच्या ओळखपत्राची निळी पट्टी गळ्यातच असते. पहाटे चारला पनवेल सोडून पोलादपूरला उतरले तरी ती निघत नाही. हळदीच्या जेवणाला पंगतीत बसताना तेवढी खांद्यावरून पाठीवर टाकतात, आमटीत बुडू नये म्हणून.

भाईंची ठाम मतं तीन विषयांवर : रस्ता, जमीन आणि लॅपटॉप. रस्त्यावर सगळेच बोलतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 साली हात लागला, तेव्हा जन्मलेली पोरं आज हायस्कुलात आहेत. तिथे भाईंचं वेगळेपण काय दिसणार? जमिनीवर भावकीत बोलू नये, असं भाईंना दोन वेळा तलाठ्याकडे आणि एकदा कोर्टात जाऊन पटलेलं आहे. उरला लॅपटॉप. तिथे मात्र मैदान मोकळं.

यंदा त्यांच्या तावडीत चुलतभावाची पोरगी सापडली. सीईटीचा निकाल यायचा होता. कॅप राउंडला कुठलं कॉलेज लागेल, कुठली शाखा मिळेल, काही ठरलेलं नव्हतं. पोरीच्या मनात होतं लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘बाटू’. महाड सोडलं की मुंबईच्या बाजूला थोडंसं जायचं. 1989 च्या कायद्यानं उभं राहिलेलं विद्यापीठ, आणि घरापासून एसटीच्या अंतरावर. पण कॉलेज आणि शाखा या बारीकसारीक गोष्टींत भाई पडत नाहीत.

“बाय, लॅपटॉप घ्यायचाच तर ॲपलच घे.”

“केवढ्याला पडंल, भाई?” पोरीच्या बाबांनी विचारलं.

“पैसे काय बघतोस? पोरीचं भविष्य बघ.”

“भविष्य बघतोच हाय. पर पडंल केवढ्याला?”

एम4 चिपवाला मॅकबुक एअर मार्च 2025 मध्ये भारतात आला तो 99,900 रुपयांपासून. विद्यार्थ्यांना 89,900. हा आकडा सांगायची भाईंची पद्धत अशी, की आधी ‘दहा हजार सुटतात’ हे ऐकू यावं आणि उरलेले कितीचे ते जेवण झाल्यावर. बाबांनी हात धुता धुता हिशेब केला. शेतकऱ्याचा हिशेब भाताचा. साध्या भाताचा हमीभाव 2025-26 साठी क्विंटलला 2,369 रुपये; म्हणजे विद्यार्थी-सवलत धरूनही अडतीस क्विंटल. त्यांच्या खाचरांतून एवढं भात निघेपर्यंत पोरीची डिग्री पुरी झाली असती. त्यांनी तसं म्हटलं नाही. “बघू,” एवढंच म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही, पण पाहुण्याला जेवू घालून झाल्यावरचं नाही.

भाईंना हसणं सोपं आहे. पण ही जात आभाळातून पडलेली नाही. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते. त्या पिढीचा मुंबईकर मे महिन्यात आणि गणपतीला यायचा तो वस्तू घेऊन. कुणी मर्फीचा रेडिओ आणला, कुणी एचएमटीचं घड्याळ, कुणी नुसताच स्टोव्ह. त्याला वस्तूची माहिती असो-नसो, पैसे त्यानं मोजलेले असायचे. रेडिओ ओटीवर लागला की अख्ख्या वाडीला बातम्या ऐकू यायच्या. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मनीऑर्डरी आटल्या, वस्तू यायच्या बंद झाल्या, पण वस्तू आणणाऱ्याचा मान घरात शिल्लक राहिला. त्या मानावर पुढची पिढी उभी आहे. ती वस्तू आणत नाही, वस्तूचं नाव आणते. बिल गावातल्या भावानं भरायचं. 2001 साली एमएस-सीआयटी आलं तेव्हा याच भाईंनी अर्ध्या वाडीला महाडला पिटाळलं होतं, “कोर्स कर, नोकरी पक्की” म्हणून. स्वतः कोर्स न करता. तो सल्ला अगदीच वाया गेला असं नाही. दोघंतिघं सरकारी नोकरीत चिकटले, आणि त्यांचं श्रेय भाई अजून गोळा करतात.

ॲपलवरच्या भक्तीची मात्र तारीख सांगता येते. 18 एप्रिल 2023 ला ॲपलचं भारतातलं पहिलं स्वतःचं दुकान मुंबईत बीकेसीला उघडलं. दार उघडायला टिम कुक स्वतः आला होता, आणि आदल्या दिवशी माधुरी दीक्षितनं त्याला वडापाव खिलवला होता. भाई हा प्रसंग असा सांगतात, की वडे त्यांनीच तळले असावेत. पुढच्या आठवड्यात ते त्या दुकानात जाऊन आले. तिथला फोटो व्हॉट्सॲपवर अजून आहे : काचेची भिंत, गुळगुळीत टेबल, त्यावर उघडे लॅपटॉप, आणि मधोमध निळी पट्टी घातलेले भाई. लॅपटॉपला हात लावून बघू देतात, कुणी हटकत नाही, हे त्यांना सगळ्यात आवडलं. घेतलं काय, हा प्रश्न गैरलागू. स्वतः भाई वापरतात तो ऑफिसचा. त्यावर मालमत्ता क्रमांकाचा स्टिकर आहे आणि त्यात साधं कॅलेंडर टाकायचं तरी ऑफिसातल्या कुणाची तरी परवानगी लागते.

आता या सल्ल्यात काय बसत नाही ते बघा. जुलैत पोरीला मेकॅनिकल लागलं, तेही लोणेऱ्यालाच. मेकॅनिकलला पुढे सॉलिडवर्क्स लागतं, ॲन्सिस लागतं. सॉलिडवर्क्स मॅकवर चालायला बनवलेलंच नाही, ते विंडोजचं. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, म्हणून सगळंच मिळत असेल असा भाईंचा समज. पूर्वी इंटेलवाल्या मॅकवर बूट कॅम्प लावून विंडोज टाकता यायचं. नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपलनं स्वतःची एम1 चिप आणली तेव्हापासून तो रस्ता बंद. आडवाटा आहेत. पण नव्वद हजार मोजून आडवाटेनं कोण जाईल? कॉम्प्युटर शाखेची गोष्ट वेगळी, आणि ज्याला आयफोनची ॲप करायची त्याला तर मॅकशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे ‘ॲपल परवडतो का’ याच्या आधी ‘तू शिकणार काय’ हे विचारायला हवं. हा प्रश्न भाईंनी आजवर एकाही पोराला विचारलेला नाही. शाखा कळली तेव्हा फोनवर म्हणाले, “मग डेलचा एक्सपीएस घे.” म्हणजे देव बदलला, देवळाची पायरी तेवढीच उंच.

दुसरी अडचण खास महाडची. लॅपटॉपच्या साध्या वॉरंटीत पाण्यानं झालेलं नुकसान धरत नाहीत, मग तो कुठल्याही नावाचा असो. ही अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेबलावर सांडलेली कॉफी असणार. आमच्याकडे पाणी म्हणजे सावित्री. 22 जुलै 2021 ला ती महाडच्या बाजारपेठेत घुसली तेव्हा कप-बशीचा प्रश्न नव्हता, तळमजला गेला होता. महाडच्या एका दुकानात पोरगी आणि बाबा लॅपटॉप बघायला गेले, तिथे भिंतीवर त्या पुराची मळकट रेघ अजून आहे. वरचा रंग नवा, खालचा जुना, मालकानं मुद्दाम तेवढी पट्टी रंगवलेली नाही. सगळे नवे खोके त्या रेघेच्या वर रचलेले. “साहेब, हीच आमची वॉरंटी,” मालक म्हणाला.

बिघडला तर? सर्व्हिस सेंटरसाठी पनवेल-वाशी, नाहीतर वरंधा घाट चढून पुणं. आणि पावसात घाट चालू आहे का बंद, ते आधी विचारून. काही कंपन्यांचा माणूस घरी येऊन दुरुस्त करून जातो, असं मालकानं सांगितलं तेव्हा बाबा पुढे सरकले.

“घरी म्हंजे वाडीत येनार?”

“येणार.”

“एसटी सकाळची एकच हाय. मग रातच्याला जेवून-झोपूनच जाईल की तो.”

मालकानं यावर कंपनीचं धोरण काय आहे ते तपासलं नाही.

पण सगळा दोष भाईंच्या पदरात घालून चालणार नाही, कारण एका बाबतीत ते बरोबर होते आणि ते त्यांनाच माहीत नव्हतं. ‘ॲपल का’ असं विचारलं तर ते सांगतात पॉलिश, पातळपणा, मागचं सफरचंद, आणि ‘कॅम्पसला इंप्रेशन पडतं’. खरी गोष्ट बॅटरीची. आमच्याकडे पावसाळ्यात वारा सुटला, कुठे फांदी तारेवर आली, की लाईट जाते. संध्याकाळी गेलेली सकाळी येते. स्वस्तातले गेमिंग लॅपटॉप दोन-तीन तासांत माना टाकतात आणि त्यांचा चार्जर म्हणजे दप्तरात वीट. मॅकबुक एअरची बॅटरी कंपनी अठरा तासांची सांगते. त्यातली अर्धी धरली तरी पोलादपूरच्या वाडीत एक रात्र निघते. शिवाय त्याची बिजागरी वर्षभरात कुरकुरत नाही, आणि चार-पाच वर्षांनी विकायला काढला तरी गिऱ्हाईक मिळतं. हा मुद्दा भाईंनी मांडला असता तर बाबांनी निदान तासभर विचार केला असता. पण भाई मुंबईत ज्या ऑफिसात बसतात तिथे लाईट जात नाही, आणि गावात ते राहतात ते आठ दिवस, तेवढ्यात गेलीच तर ‘गावची मजा’ म्हणून मोबाइलच्या उजेडात पत्ते खेळतात.

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगतो. महागड्या नावात काहीच नसतं, असं म्हणणारेही एका वेगळ्या पद्धतीचे भाईच. वस्तू चांगली असते. पण पहिल्या वर्षाच्या पोरीला लागतो ड्राफ्टर, शीट, वर्कशॉपचा खाकी डगला आणि सी भाषेतले चार प्रोग्रॅम. एवढ्यासाठी नव्वद हजार गुंतवून पुढची तीन वर्षं त्या वस्तूला जपत बसायचं, एसटीत मांडीवर घेऊन, पावसात प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, आणि हॉस्टेलवर झोपताना उशाखाली ठेवून? पोरीनं लॅपटॉप वापरायचा का लॅपटॉपनं पोरीला?

शेवटी घेतला साठ हजारांच्या आतला विंडोजवाला. 16 जीबी रॅम, त्यातही पुढे वाढवायची सोय असलेली. मालकाला खालचा पत्रा उघडून मोकळी खाच दाखवायला लावली तेव्हाच पोरगी हो म्हणाली. ब्रँड मधला, रंग करडा, मागे फळ नाही. शिलकीतून बाबांनी हॉस्टेलची अनामत भरली.

गणपतीला भाई आले. आरती झाली, मोदक झाले, मग लॅपटॉप बघायला मागितला. त्यांनी तो मांडीवर घेतला, उलटा केला, आणि फणस पिकलाय का बघतात तशा बोटाच्या पेरानं दोन-तीन टिचक्या मारल्या.

“प्लास्टिक आहे.”

“हो, भाईकाका.”

“बिजागरी जाणार वर्षात.”

“वॉरंटी आहे.”

“असू दे. शिकण्यापुरता ठीक आहे.” मग आवाज जरा खाली आला. “बाय, यावर म्हाडाच्या लॉटरीचा अर्ज भरता येतो का गं? ऑफिसच्याला ती साइट उघडत नाही. आणि मोबाइलवर फोटोच चढत नाही, केबी कमी करा म्हणतो.”

पोरीनं ओट्यावर, जिथे रेंज येते त्या खांबाजवळ, पाट मांडला. मोबाइलचं नेट लॅपटॉपला दिलं. भाईंचा फोटो छोटा केला, पॅनकार्ड सरळ केलं, उत्पन्नाच्या दाखल्याची वाकडी स्कॅन कापून नीट केली. भाई शेजारी बसून कुठलं बटण दाबायचं ते सांगत होते, आणि ती ते सोडून दुसरं दाबत होती. अर्धा अर्ज भरून होतोय तोच लाईट गेली. घरातून ‘गेलीच पाहिजे का आत्ता’ असा सगळ्यांचा एकदम आवाज आला. पडदा चालूच राहिला. कोपऱ्यात बॅटरी बासष्ट टक्के.

“ॲपल असता तर शंभर असती,” भाई म्हणाले.

अर्ज गेला. क्रमांक आला. तो पोरीनं कागदावर उतरून दिला, भाईंनी घडी करून ओळखपत्राच्या प्लास्टिकमध्ये सरकवला आणि लगेच नालासोपाऱ्याला फोन लावला. वहिनींच्या आईचं दुखणं निघाल्यामुळे त्या यंदा गावाला आल्या नव्हत्या.

“हां, भरला अर्ज. नाही गं, सायबरमध्ये कशाला? लॅपटॉपवरून भरला.”

पलीकडून वहिनींनी विचारलं असावं, ॲपलचा का म्हणून. भाईंनी पोरीकडे एकदा बघितलं आणि छाती पुढे काढली.

“हो हो. आपलाच.”