दाराला आतली बाजूही असते

माणसं गाडी घेतात बाहेरून बघून आणि वापरतात आतून. रंग, चाकं, पुढचं नाक, मागचे दिवे हे सगळं गावाच्या डोळ्यांसाठी असतं. मालक एकदा आत बसला की त्याला त्यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या वाट्याला येतात पुढची काच, आरसा आणि कोपराशी दार. या दाराच्या आतल्या अंगाला जे मऊ आवरण असतं, त्याला आमच्याकडे नुसतं ‘पॅड’ म्हणतात. गाडीच्या दुसऱ्या कुठल्याही भागाशी माणसाची इतकी जवळीक होत नाही. उन्हाळ्यात कोपर त्याला चिकटतं, वळणावर गुडघा त्यावर टेकतो, उतरताना चप्पल खालून घासून जाते. पण गाडी बघायला आलेल्या माणसानं आधी ‘पॅड कसं आहे बघू’ म्हटलंय, असं आमच्या कडेगावात मी तरी ऐकलेलं नाही.

मोठ्यांच्या गाडीचंही तेच. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक निघते. चौकात माणूस माणसाला चिकटलेलं असतं, पोरं बापाच्या खांद्यावर असतात. घरी परतताना सगळे तिच्या भगव्या रंगाबद्दल आणि लांबीबद्दल बोलतात. दाराच्या आत कापड आहे की कातडं, याची चौकशी कुणी करत नाही. तिथं कोपर टेकवायची वेळ आपल्यावर येणार नाही, याची सगळ्यांना खात्री असते.

या आतल्या बाजूकडे माझं लक्ष गेलं ते भाच्यामुळे. तो नोकरीला पुण्यात. तिथं त्यानं जुनी सॅन स्टॉर्म घेतली. नाव फारसं कुणाला आठवणार नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार तयार होत असे. बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं, १,१४९ सीसीचं, ताकद साधारण ६० घोड्यांची. पुण्यात गाडी घ्यायला पैसे पुरतात, ठेवायला जागा पुरत नाही. म्हणून ती कडेगावला मामाच्या अंगणात आली.

गावानं तिची रीतसर पाहणी केली. खिल्लार जनावरांच्या या मुलखात घोड्यांचा हिशेब ऐकून पारावरचे एक तात्या म्हणाले, “साठ घोडी आन् बसायला दोनच माणसं?” यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं, खरं तर गाडी बनवणाऱ्यांकडेही नसावं. आमच्याकडे पाच जणांच्या गाडीत सहा बसले की गाडी रिकामी चालल्यासारखी वाटते. त्यात ही इतकी बुटकी, की गाळप हंगामात कराड-विटा रस्त्यावर उसाची ट्रॉली शेजारून गेली तर तिच्या चाकाच्या नटांशी नजरानजर होते.

बाहेरून मात्र ती अजून देखणी होती. फायबर गंजत नाही. दार उघडलं की तिचं वय कळायचं. रेक्झिनला भेगा पडलेल्या, खालची कड फुगून सुटलेली, आतल्या फोमचा पिवळा भुगा पँटला लागायचा. भाच्यानं पुण्यात विचारणा केली होती. तिथं त्याला आधी इटालियन लेदरचे नमुने दाखवले गेले आणि नंतर आकडा सांगितला गेला. तो आकडा ऐकून त्याला मामाच्या गावची फार आठवण झाली.

आमच्याकडे या कामाला ‘कुशनचं काम’ म्हणतात आणि ते करणाऱ्या चाचांचं दुकान रस्त्यालाच आहे. ट्रॅक्टरची सीट, वडापच्या जीपची बाकं, डॉक्टरांच्या दवाखान्यातलं तपासणीचं टेबल, लग्नाच्या हॉलमधल्या राजाराणीच्या खुर्च्या, सगळं एकाच मशीनखालून जातं. चाचांचा हात तयार झाला तो फियाटवर. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट आणि पुढे पद्मिनी गावोगाव पोचली. त्यातली एक जुनी ‘डुक्कर’ फियाट. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला. धोतर सावरत उतरणाऱ्यांना ती सोयीची होती. चालत्या गाडीत खटका निसटला तर मात्र वारा तेच दार सताड उघडायचा. “त्या दारांनी शिकवलं मला,” असं चाचा म्हणतात. काच फिरवायच्या मुठीमागची वाकवलेल्या तारेची क्लिप कशी काढायची, हेही त्यातलंच. पक्कड लावली तर पॅडवर ओरखडा उठतो. चाचा मुठीमागं फडक्याची कड सारतात, दोन्ही टोकं धरून मागंपुढं ओढतात आणि क्लिप फडक्यात अडकून टुणकन बाहेर येते. ती शोधायला पोराला दुकानाबाहेर पळवावं लागतं, एवढीच त्यात खोट.

स्टॉर्मचं पॅड त्यांनी अलगद सोडवलं, उलटं केलं आणि फुगलेल्या कडेवर बोट फिरवलं. “पावसाचं पाणी काचेवरनं दारात उतरतंयच,” ते म्हणाले. “ते थांबत न्हाई. त्याला वाट ठिवाय लागती.” दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की पाणी आत साचतं. पॅडच्या मागं प्लॅस्टिकचा कागद असतो, तो आधी कुणीतरी स्पीकर बसवताना फाडून टाकलेला. मग ओल थेट हार्डबोर्डाला लागते, बोर्ड फुगतो आणि वरचं रेक्झिन बिचारं सोडून देतं. चाचांनी रेक्झिनला हात लावायच्या आधी तार घालून भोकं मोकळी केली, नवा कागद चिकटवला, जुन्या पॅडवरून नवा बोर्ड कापला. भाचा त्यावेळी नव्या रेक्झिनच्या रंगाचे फोटो बघत होता. दारातलं पाणी त्याच्या बेतात नव्हतंच.

मला खरा आनंद झाला तो पुढच्या कामानं. मोहरमात कडेगावचे उंचच उंच ताबूत उठतात आणि त्यांच्या भेटी बघायला दुरून लोक येतात. ताबुताचा सांगाडा बांबूचा, अंगावर कागद; त्या कामात हिंदूही असतात, मुसलमानही. चाचांचं पॅड बसवणं तसंच. आधी सांगाडा बिनचूक, मग वरची कातडी न सुरकुतता. सोल्यूशन त्यांनी बोर्डावरही लावलं आणि रेक्झिनच्या मागेही, आणि स्वस्थ बसले. भाचा चुळबुळ करू लागला. पण ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं असतं, कारण एकदा दोन्ही अंगं भेटली की सुटत नाहीत. रेक्झिन उन्हात टाकून मऊ केलेलं. मध्यावर टेकवून तळहातानं बाहेर, बाहेर सारत नेलं, म्हणजे हवेचा फुगा राहत नाही. गोलाईशी आल्यावर मागे दुमडायच्या भागाला कात्रीनं बारीक चिरा दिल्या. चीर कमी पडली तर कोपऱ्यावर गठ्ठा होतो, जास्त पडली तर ती पुढून दिसते. हे अंतर चाचांनी मोजलं नाही, अंगठ्यानं चाचपलं.

दोन दारांत एक अडचण निघाली. खराब झालं होतं ते ड्रायव्हरकडचंच पॅड. डावीकडचं बऱ्यापैकी धड होतं, कारण त्या बाजूला बसायला भाच्याची बायको, आमची सूनबाई, पुन्हा कधी तयार झालीच नाही. टप उघडला की केसांचं काय होतं, हे तिनं एकदाच अनुभवलं होतं. भाच्याचं म्हणणं, एकच करू, पैसे वाचतील. चाचा ऐकेनात. “रेक्झिन एकाच ताग्याचं पायजे. जोडी इजोड दिसली की मानूस आदी त्येच बगतंय.” डावीकडचं निर्दोष पॅड उजवीकडच्याची शिक्षा भोगायला उतरलं. संसारात अशा शिक्षा बऱ्याच जण भोगतात; त्यांना नवा फोमही मिळत नाही.

मग चाचांनी सहज विचारलं, “खिसा ठिवू?”

भाचा दचकला. “स्पोर्ट्स कार आहे, चाचा. कंपनीचं डिझाइन असंच आहे.”

“कंपनीला काय म्हाईत तुमी कुटं जाता ते?”

इतक्यात माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, तिथं आली. तिनं गाडीकडं आणि पॅडकडं आळीपाळीनं बघितलं. “पाण्याची बाटली कुठं ठेवायची? माझ्या गोळ्या?” भाच्यानं वजन, वेग, मूळ रूप असं बरंच काही सांगून बघितलं. त्यातलं एकही तिच्या बाटलीला आधार देणारं नव्हतं. खिसे शिवले गेले, दोन्ही दारांना, वरच्या काठाला इलॅस्टिक आणि कडेनं दुहेरी शिलाई.

पहिल्याच आठवड्यात डाव्या खिशात बाटली आणि गोळ्या गेल्या, उजव्यात ऊसबिलाच्या पावत्या, एक पाना आणि देवळातला अंगारा. भाचा पुण्याहून आला की आधी खिसे रिकामे करतो, परतताना ते भरलेले असतात. सूनबाईही आता डावीकडं बसते. स्कार्फ ठेवायला जागा झाली, एवढंच तिचं म्हणणं. वेग वाढलेला नाही, घोडे साठच आहेत, पण गाडीत बसायला आता माणसं मागं लागतात.

नव्या पॅडवरची हिरा डिझाइनची शिलाई बघून शेजारच्या वस्तीवरचा एक ट्रॅक्टरवाला दुकानात गेला. मडगार्डवर बसायला तशीच गादी करून पाहिजे म्हणाला, लाल रंगात. चाचांनी रंगाचं काही विचारलं नाही. टेप उचलत म्हणाले, “खिसा केवढा ठिवू?”