वटवट्या कसा ओळखावा : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : दुर्बीण १ (गळ्यात मिरवायला), वही-पेन, पाण्याची बाटली, मानेसाठी बाम, कान २.

हंगाम : ऑगस्टअखेर ते एप्रिल.

पायरी १. खानदेशातलं हतनूर धरण गाठा. सगळे पाण्यातली बदकं बघत असतील. तुम्ही पाण्याकडे पाठ करून वेड्या बाभळीच्या जाळीकडे तोंड करा. लोक संशयानं बघतील, बघू द्या. धुळेकरांना लळिंगचं कुरण जवळ पडेल.

पायरी २. थांबा. जाळीतून 'चक्' येईल. बऱ्याच वेळानं आणखी एक 'चक्'. झालं, हाच ब्लिथचा वटवट्या. एडवर्ड ब्लिथ हे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर. त्यांनी १८४९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यांच्या टेबलावरचा पक्षी हलत नव्हता, ही सोय तुम्हाला नाही.

पायरी ३ (ऐच्छिक). पाहून घ्या. पान हलेल, दुर्बीण लावाल, पान दिसेल. चुकून पक्षी दिसलाच तर पाठ मातकट, पोट मळकट पांढरं, चोच लांबट, डोळ्यावर आखूड फिकट भुवई. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. इतक्यात शेळ्या घेऊन आलेले बाबा विचारतील, "काय देखी ऱ्हायनात भाऊ?" पक्षी म्हणालात तर ते हौसेनं मोर दाखवतील. बघा आणि आभार माना.

पायरी ४. एप्रिलमध्ये त्याच जाळीतून बुलबुल, शिंपी असे भलतेच आवाज हलकेच येऊ लागले, तर यादी वाढवू नका. निघण्याआधी गळा मोकळा करणारा हाच नकलाकार असू शकतो. खरी मैफल फिनलंड-रशियात, जूनच्या रात्री. तिथं तो एकेक तुकडा पाच-दहा वेळा घोळवतो, मध्ये 'चक्-चक्' टाकतो. खानदेशाच्या वाट्याला आठ महिने नुसती तबल्याची ठाकठोक.

नेहमीची चूक : शेपटी उभारून झुडपाच्या शेंड्यावर मिरवणारा राखी वटवट्या बारमाही इथलाच. त्याला फिनलंडला पाठवू नका.

नोंद : 'पाहिला'च्या रकान्यात रेघ, 'ऐकला'च्या रकान्यात बरोबरची खूण. हे न लाजता जमलं की पुढचा धडा साइक्सच्या वटवट्याचा. तोही हिवाळ्यात याच बाभळीत असतो, रंगानं मातकटच. आणि तोही 'चक्'च म्हणतो.