कॅबिन-वाटप : रामदासपेठेतील एका कुटुंबप्रमुखांस खुले पत्र

प्रति,
माननीय कुटुंबप्रमुख,
एकत्र कुटुंब (विस्तारित), लेंड्रा पार्क परिसर,
रामदासपेठ, नागपूर.

विषय : सागरी सहलीसाठी मंजूर झालेल्या कॅबिन-वाटपाचा सादर गौरव.

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझ-जहाजावर चौदा जणांची सोय कशी लावावी, हा प्रश्न माननीय कुटुंबप्रमुखांनी एकाच बैठकीत, चहाचा दुसरा कप येण्यापूर्वी, निकाली काढला. त्या निर्णयामागील तत्त्वे लिखित स्वरूपात कोठेही उपलब्ध नसल्यामुळे, ती पुढील पिढ्यांच्या मार्गदर्शनासाठी नोंदविली जावीत, या हेतूने हे पत्र लिहिले जात आहे. येथे विचारात घेतलेले कुटुंब केवळ नमुन्यादाखल आहे. तथापि त्याच्याशी तंतोतंत जुळणारी कुटुंबे धंतोलीपासून वर्धा रोडपर्यंत कोणत्याही गल्लीत आढळतील.

या कुटुंबात आजी-आजोबा, त्यांचे तीन मुलगे, तीन सुना, एक आत्या आणि पाच मुले आहेत. थोरला मुलगा म्हणजेच कुटुंबप्रमुख होत. वडिलांच्या थोरल्या भावास विदर्भात ज्या नावाने संबोधतात, त्यानुसार पुतणे-पुतण्या त्यांना ‘मोठे बाबा’ व त्यांच्या पत्नीस ‘मोठी आई’ म्हणतात. मोठ्या बाबांना सोळा वर्षांचा मुलगा व तेरा वर्षांची मुलगी, मधल्या भावास नऊ व सहा वर्षांची दोन मुले, आणि धाकट्या भावास दहा महिन्यांचे बाळ आहे. मंजूर वाटप असे : मोठे बाबा व मोठी आई यांना बाल्कनीची कॅबिन; आजी-आजोबांनाही बाल्कनीची, परंतु जहाजाच्या अगदी नाळेकडील, म्हणजे पुढच्या टोकाची, कारण मधल्या भागातील बाल्कनी एकच शिल्लक होती; मधला व धाकटा भाऊ आणि सोळा वर्षांचा पुतण्या यांना, गप्पांना वाव मिळावा म्हणून, समुद्राकडे खिडकी असलेली कॅबिन; मधली सून व तिच्यासोबत तेरा, नऊ आणि सहा वर्षांची तीन मुले यांना आतली चार खाटांची; आणि धाकटी सून, बाळ व आत्या यांना आतलीच दुसरी. ‘आतली’ कॅबिन म्हणजे जिला बाहेरची बाजूच नसते, ज्यामुळे दिवा मालवल्यावर सकाळचे सहा आणि रात्रीचे दोन यांत फरक उरत नाही, अशी कॅबिन होय. जुन्या जहाजांवर अशा कॅबिनचे क्षेत्रफळ बहुधा दीडशे चौरस फुटांच्याही खाली असते.

नागपूरकरांना समुद्राचा अनुभव कमी, असा आक्षेप या वाटपावर घेतला जाऊ शकेल; तो निराधार आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे प्रवासी जहाज सुरू झाले, तेव्हा त्यास प्रारंभ करून देणारे नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस हे दोघेही नागपूरचेच होते. त्यानंतर २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले. मूळचे १९९० सालचे हे जहाज सुमारे ४८ हजार टनांचे आहे (हे टनेज वजनाचे माप नसून जहाजाच्या बंदिस्त आकारमानाचे माप असते, हे रामदासपेठेतील जाणकारांना सांगणे नको). कोकण किनाऱ्यावरील पूर्वीच्या आगबोटींवर कॅबिन-वाटपाचा हा सारा प्रश्नच उद्भवत नसे; बोटीच्या डेकवर सतरंजी पसरली की जितकी माणसे तिच्यावर मावतील तितके कुटुंब, असा सोपा हिशेब होता, आणि मुले कोणाजवळ झोपली आहेत हे सर्वांना उघड दिसत असल्यामुळे, कोण रात्रभर जागे आहे हेही उघड दिसत असे. भिंती आल्या आणि ते दिसेनासे झाले.

क्रूझच्या व्यवसायात कॅबिनचे भाडे ‘दुहेरी वास्तव्या’च्या तत्त्वावर ठरते, म्हणजे प्रत्येक कॅबिनमध्ये दोन प्रौढ राहतील असे गृहीत धरून प्रत्येकाचे भाडे काढले जाते आणि एकट्या प्रवाशाला बहुधा दुसऱ्या रिकाम्या खाटेचाही भार सोसावा लागतो. या गृहीतकाची व्याप्ती जगातील अत्यंत मोठ्या जहाजांपैकी एक असलेल्या, २०२४ साली सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’च्या आकड्यांवरून लक्षात येते : दुहेरी वास्तव्याच्या हिशेबाने त्याची क्षमता ५,६१० प्रवाशांची आहे, तर सर्व खाटा भरल्यास ती ७,६०० पर्यंत जाते. मधले सुमारे दोन हजार प्रवासी हे जवळजवळ सर्वस्वी तिसऱ्या-चौथ्या खाटेवरचे, म्हणजे मुख्यतः मुले होत. या खाटांपैकी काही सोफ्यातून निघतात, तर काही भिंतीतून किंवा छतातून खाली उतरतात. दुसऱ्या प्रकारास जॉर्ज पुलमन या अमेरिकी रेल्वेडबे-निर्मात्यावरून ‘पुलमन’ म्हणतात. विदर्भ एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर मुलांना चढविण्याचा दीर्घ सराव असलेल्या कुटुंबास ही रचना नवी वाटू नये.

तिसऱ्या व चौथ्या प्रवाशाचे भाडे पहिल्या दोघांपेक्षा बरेच कमी असते, अनेकदा नाममात्रही असते. बंदर-शुल्क मात्र माणशी लागते. माननीय कुटुंबप्रमुखांनी या सवलतीचा जो उपयोग केला आहे, तो अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगा आहे. चार खाटांची एक कॅबिन घेतल्याने वाचलेल्या रकमेत मधल्या भागातील बाल्कनी परवडली. म्हणजेच एका कॅबिनमधील हवा, उजेड व निवांतपणा यांचा खर्च दुसऱ्या कॅबिनमधील एका व्यक्तीच्या झोपेतून भागविण्यात आला, आणि त्या व्यक्तीची पावती कोठेही फाडली गेली नाही. मोठ्या बाबांची स्वतःची तेरा वर्षांची मुलगी मधल्या काकूच्या कॅबिनमध्ये जावी, यातही सखोल विचार आहे : ती लहानांना सांभाळेल, असे बैठकीत सांगण्यात आले. सोळा वर्षांचा मुलगा कोणाला सांभाळणार, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.

कुटुंबप्रमुखांचा मूळ आग्रह चार खाटांच्या कॅबिन ओळीने मिळाव्यात, असा होता, आणि जहाजावर खाटा रिकाम्या असूनही त्या मिळत नाहीत, याचा त्यांना मनस्ताप झाला. त्याचे कारण जीवरक्षक नौकांमध्ये आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा त्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि नौकांमध्ये जागा होती १,१७८ जणांची. त्या धड्यातून १९१४ साली समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार आकारास आला, ज्याची आज अंमलात असलेली आवृत्ती १९७४ ची आहे. जहाजावर प्रत्येक प्रवाशास संकटकाळी जमण्याचे एक ठिकाण, म्हणजे ‘मस्टर स्टेशन’, नेमून दिलेले असते, आणि जहाजाच्या एका भागातील कॅबिनमध्ये किती माणसे नोंदविता येतात हे त्या भागाला जोडलेल्या नौकांच्या क्षमतेवर अवलंबून असते. त्यामुळे खाट रिकामी असली तरी नौकेतील जागा संपली की चौथा प्रवासी त्या ओळीत घेतला जात नाही. मुंबईतल्या ओळखीच्या माणसाला फोन करून हा आकडा वाढत नाही, ही बाब कुटुंबप्रमुखांनी धीराने स्वीकारली, याची येथे आदराने नोंद घेतली जात आहे.

दुसरा पेच वयाचा आहे. प्रत्येक कॅबिनमध्ये किमान एक प्रौढ असावा, असा नियम जवळजवळ सर्व कंपन्यांचा आहे; प्रौढत्वाची मर्यादा कोठे अठरा, तर अमेरिकी बंदरांतून निघणाऱ्या अनेक जहाजांवर एकवीस असते. आईवडील लगतच्या कॅबिनमध्ये असल्यास पुष्कळ ठिकाणी सूट मिळते. येथे ‘लगतची’ आणि ‘जोड-दाराची’ यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो : लगतची म्हणजे केवळ शेजारची, जिथे जाण्यासाठी बाहेरच्या बोळात यावे लागते; जोड-दाराची म्हणजे जिच्या मधल्या भिंतीत आतून उघडणारे दार असते. मध्यरात्री उठलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने या दोहोंमधील अंतर फार मोठे आहे. जोड-दाराच्या कॅबिन संख्येने थोड्या असून त्या आधी संपतात, आणि ‘गॅरंटी’ पद्धतीने, म्हणजे फक्त वर्ग निश्चित करून कॅबिनचा क्रमांक कंपनीवर सोडून, स्वस्तात आरक्षण केल्यास त्यांचा हक्क राहत नाही. कुटुंबप्रमुखांनी आतल्या दोन्ही कॅबिन गॅरंटीने घेतल्या आहेत आणि बाल्कनी मात्र क्रमांक पाहून घेतली आहे. दूरदृष्टी कोठे वापरावी व कोठे वाचवावी, याचा हा आदर्श होय.

नाळेकडील कॅबिनबद्दल थोडेसे. जहाजाचे हेलकावे मधल्या भागात व खालच्या मजल्यांवर कमीत कमी जाणवतात, आणि पुढच्या टोकाला सर्वाधिक. लिफ्टही तिथून दूर असते. गुडघे दुखणाऱ्या आजींनी ‘आम्हाला काय, कुठेही चालेल’ असे म्हटले होते, आणि एकत्र कुटुंबात या वाक्याचा अर्थ शब्दशः घेण्याचा अधिकार फक्त कुटुंबप्रमुखांना असतो.

लहान मुलांसाठी जहाजावर बालविभाग असतो, ही गोष्ट माहितीपुस्तिकेतील रंगीत चित्रावरून बैठकीत सिद्ध करण्यात आली. परंतु असे विभाग बहुधा तीन वर्षांपुढील, स्वतः शौचास जाऊ शकणाऱ्या मुलांनाच घेतात. दहा महिन्यांचे बाळ ज्या कॅबिनमध्ये असेल त्या कॅबिनमधील एक प्रौढ, नाट्यगृहातील कार्यक्रम, रात्रीचे जेवण आणि वरच्या डेकवरील संगीत यांच्या वेळी, अंधारात मोबाइलचा उजेड हाताने झाकून बसलेला असणार. आणि मंजूर यादीनुसार तो प्रौढ कोण, हे सांगण्यास ज्योतिष लागत नाही. आत्यांची नेमणूक त्याच कॅबिनमध्ये ‘सोबत म्हणून’ झाली आहे. एकट्या स्त्रीस एकत्र कुटुंबाच्या सहलीत नेहमी सोबत म्हणून नेले जाते, आणि तिच्या सोबतीला कोण आहे, असे विचारण्याची प्रथा नाही.

जाणती कुटुंबे एक युक्ती करतात : नोंदणीच्या वेळी प्रत्येक कॅबिनमध्ये एकेका प्रौढाचे नाव घालून नियम पाळतात आणि जहाजावर चढल्यावर स्वागतकक्षातून दाराच्या जादा चाव्या मागून झोपण्याची जागा आपसांत बदलतात. यात वावगे काही नाही. मात्र मस्टर स्टेशन नोंदणीतल्या कॅबिनप्रमाणेच राहते, हे प्रत्येकास पाठ असावे लागते. या युक्तीने मंजूर वाटपात, एक रुपयाही जादा न देता, पुढील बदल शक्य आहेत. मोठी आई व मधली सून यांनी आत्यांसह खिडकीची कॅबिन घ्यावी. मोठे बाबा व मधले भाऊ यांनी नऊ व सहा वर्षांच्या मुलांसह चार खाटांच्या कॅबिनमध्ये राहावे, जेणेकरून भावांच्या गप्पांत खंड पडणार नाही. आजी-आजोबांनी मधल्या भागातील बाल्कनीत यावे. नाळेकडील बाल्कनी सोळा व तेरा वर्षांच्या भावंडांना व धाकट्या सुनेला द्यावी, कारण तिला समुद्र पाहावयाचा आहे असे तिने एकदा, भाजी निवडताना, म्हटल्याचे स्मरते. आणि बाळ त्याच्या वडिलांपाशी असावे. वडिलांना दुधाची बाटली धुण्याची पद्धत निघण्यापूर्वी शिकविता येईल. नागपूर ते मुंबई हा रेल्वेप्रवास एका रात्रीचा असून सरावासाठी तो पुरेसा आहे.

कळावे.

ता. क. : जीवरक्षक नौकेच्या हिशेबात बाळ हेही एक पूर्ण माणूस धरले जाते. कुटुंबप्रमुखांनी पाठविलेल्या यादीत तेराच नावे आहेत. बाळाचा जन्मदाखला धाकट्या सुनेच्या कपाटात, वरच्या खणात, निळ्या फाइलमध्ये आहे.