मामाच्या घरातली हडळ

कोकणात भुताची शॉर्ट फिल्म काढायला लागतं काय? मामाचं बंद घर, एक कंदील, मामीची पांढरी चादर आणि घुबडाचा फुकटात मिळालेला आवाज. ‘तुंबाड’वाल्यांनी (2018) खऱ्या पावसासाठी कित्येक पावसाळे घालवले, इथे चुलतभाऊ पत्र्यावर पाइप धरून उभा. हडळ अस्सल सदाशिवपेठी मराठीत बोलते. पोरं ‘कोण आहे तिकडे?’ असं विचारत मध्यरात्री नेमकी विहिरीकडेच जातात. देवचार गावाची राखण करतो, वेताळाला लोक नव्या वहाणा वाहतात, हे दिग्दर्शकाला (मुक्काम कोथरूड) कोण सांगणार? त्यात लाइट जाते, कॅमेऱ्याची बॅटरी उतरते, आणि खरा थरकाप उडवणारा प्रसंग चित्रित व्हायचा राहूनच जातो. अंगणातून मामी ओरडते, ‘माझी नवी चादर खंय गेली रे?’