कसेल त्याची भिंत

पावसाळ्यात भाड्याच्या घरातलं कपाट भिंतीपासून पुढे ओढू नये. ओढलंच, तर मागची काळी-हिरवी नक्षी बघून मालकांना लगेच फोटो पाठवू नये. कारण मग ती कोणाची, हा प्रश्न निघतो.

मालक आधी विचारतात, "कपडे घरात वाळत घालता का हो?" जुलैच्या मुंबईत ते आणखी कुठे वाळत घालायचे, हे सांगत नाहीत. मग सल्ला येतो, "खिडक्या उघड्या ठेवत जा." बाहेरच्या हवेत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर. खिडकी उघडली की ती आत येते, सोबत डास. शेवटी ठेवणीतलं वाक्य : "आधीच्यांच्या वेळी असं काही नव्हतं." आधीचे अकरा महिन्यांत का गेले, हे विचारायचं नसतं.

मग सोसायटी. उपविधींचा हिशेब सरळ आहे : बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून गळत असेल तर खर्च सोसायटीचा, वरच्यांच्या बाथरूममधून गळत असेल तर वरच्यांचा. त्यामुळे सेक्रेटरींच्या मते ओल कायम बाथरूमची असते आणि वरच्यांच्या मते पावसाची. प्लंबर दोघांकडून व्हिजिटचे पैसे घेऊन "दोन्हीकडून आहे" म्हणतो.

कायदा मात्र भाडेकरूच्या बाजूने आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम १४ : घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. वाचून ऊर भरून येतो. अडचणी दोनच. करारात याविरुद्ध काही ठरलेलं नसावं. आणि तुम्ही भाडेकरू असावं, जे तुम्ही नाही. तुमचं लीव्ह अँड लायसन्स : अकरा महिने राहायची नुसती परवानगी. मुदतीनंतर रेंगाळलात तर कलम २४ दुप्पट पैसे मागतं. शिवाय 'घर सुस्थितीत मिळालं' याखाली तुमचा बायोमेट्रिक अंगठा आहे. (घर ताब्यात घेतानाच भिंतींचे फोटो मालकांना पाठवून ठेवा. या सदरात एवढंच गंभीरपणे लिहिलंय.)

या सगळ्यात हक्क कोणाचा पक्का असेल तर बुरशीचा. करार नाही, डिपॉझिट नाही, पोलीस व्हेरिफिकेशन नाही, तरी मुक्काम तीन बिऱ्हाडांपूर्वीपासूनचा. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनी कुळं कसत्या जमिनीची मालक झाली. त्याच न्यायाने ही भिंत तिची. तलाठी पीकपाहणीला आलाच, तर बारमाही पीक म्हणून नोंद करील, तीही बागायती.

घर सोडायच्या दिवशी मालक त्या भिंतीवरून हात फिरवतात. "पेंटिंगचे पैसे डिपॉझिटमधून कापावे लागतील." वॉटरप्रूफिंगचा विषय निघत नाही. ते खर्चाचं काम, आणि वरून रंग दिला की दिवाळीपर्यंत कोणाला काही दिसत नाही.

"अहो काका, बुरशी आधीचीच आहे."

"होती थोडी. पण वाढवली तुम्ही."

म्हणजे भिंत कसली कोणी, हे त्यांनीच कबूल केलं. कुळकायद्याचा मुद्दा इथेच काढायला हवा. पण खाली टेम्पो उभा असतो आणि वेटिंगचे पैसे चालू झालेले असतात.